वीसपैकी चार

स्टेडियम: स्कारवीक मैदान.
क्षमता सहाशे वीस. खुर्च्या चौऱ्याहत्तर.
दर्जा: वीसपैकी चार.

तीन हिवाळे झाले, मी या चारशी भांडतोय.
साल्मनच्या जाळ्यांवरून रात्री परततो,
दोनदा धुतलेल्या बोटांना मासळीचा वास,
त्याच बोटांनी उघडतो खेळ
आणि मॅनेजर होतो माझ्याच गावचा,
फेरो बेटांवरच्या, तीनशे अकरा वस्तीच्या.
खेळाने त्याला नकाशावर एक ठिपका दिलाय
हे उपकारच म्हणायचे.

पहिल्या मोसमात नवं गवत टाकलं, कृत्रिम, महागडं.
चार.
दुसऱ्यात पूर्वेकडे छप्पर घातलं,
गोलरक्षक विकून. गुणी पोरगा होता.
चार.
तिसऱ्यात दिवे, गरम पाण्याच्या न्हाण्या,
चाकाच्या खुर्च्यांसाठी उतार, पत्रकारांसाठी टेबल.
आमच्याकडे पत्रकार म्हणजे शाळेतली मारयुन,
ती उभ्यानेच लिहिते.
तीन.

तीन!
वहीत तक्ते आखले मग. पावसाचे दिवस, तिकिटाचे दर.
एक मोसम मुद्दाम हरून पाहिला.
एक मोसम सगळे सामने खाडीपल्याड नेले,
आमचं मैदान वर्षभर कुलुपात,
एक बूट नाही, एक माणूस नाही,
आणि शेवटी आकडा उघडला तर सहा.
त्या रात्री मी बराच वेळ खिडकीशी उभा होतो.

आणि खाडीपल्याडच्यांना, नऊ.
ज्यांच्या खेळाडूंच्या खोलीवरचा पत्रा
जानेवारीतल्या वादळात उडून
आमच्या बंदरात सापडला,
त्यांना नऊ.

शेवटी हानुसला दाखवलं.
नवा डाव मांडून, मूळचा, कोरा चार.
चाळीस वर्षं मैदान सांभाळतोय तो.
होडी घालून समुद्रातून परत आणलेल्या चेंडूंचा हिशेब
त्याच्या होडीघराच्या दारावर खडूने आहे.
वाटलं, म्हातारा चिडेल.
मला हवाच होता कुणीतरी चिडलेला.

त्याने कपाळावरचा चष्मा खाली ओढला
आणि आकड्याकडे बघत राहिला,
निघण्याआधी आभाळाकडे बघतात तसा.
मग म्हणाला, "बरोबर आहे.
उत्तरेचा खांब झुकलाय, कड्याच्या बाजूला.
कॉर्नरपाशी मेंढ्या येतात. म्हणजे, मीच येऊ देतो.
तिसरी पायरी तुझ्या बापाने फोडली,
फायनल हरलो त्या दिवशी,
ती मी मुद्दाम बुजवली नाही.
पाणी साचतं. कुंपणाला भोक आहे,
पोरं फुकट येतात त्यातून, तूही आलायस.
चार म्हणजे मुलाहिजा ठेवून दिलेत.
कुणीतरी येऊन गेलं असणार. नीट बघून."

कुणी आलं नव्हतं.
कुठल्यातरी ऑफिसात, जेवणाच्या सुट्टीआधी,
कुणाच्यातरी कंटाळ्यातून गळून पडलेला चार,
आणि हा माणूस त्याला
सही-शिक्क्याच्या कागदासारखा जपून धरतोय.
मी गप्प बसलो.

जाताजाता, दारात, एक पाय बुटात:
"आणि त्यांना किती?"
खोटं बोलायला हवं होतं.
"नऊ."

जूनची रात्र. अकरा वाजलेले,
उजेड पातळ ताकासारखा, संपता संपत नव्हता.
मी मागोमाग पोचलो तर
हानुस खांबाला खांदा लावून उभा,
पायाशी पहार, दोर, पांढऱ्या रंगाचा डबा,
तोंडात एकच मंत्र, "नऊ म्हणे. नऊ!"
मेंढ्या जराशा सरकून बघत होत्या,
प्रेक्षक धरल्या तर सात.
मीही खांदा लावला.

खांब हलला. किती, ते मोजलं नाही.

सकाळी खेळ उघडला. चारच.
हानुस धक्क्यावर भेटला, कोपरापर्यंत पांढरा.
"पाच झाले," मी सांगितलं.
तो थांबला, मान डोलावली,
खाडीपल्याड एकदा बघून घेतलं.
"ठीक," म्हणाला,
"पण पायरी बुजवणार नाही."